अंगदुखीला नाव आहे

"कुठं दुखतं?" या प्रश्नाला "सगळीकडेच" असं उत्तर देणाऱ्या बाईचं दुखणं आपल्याकडे कुणी खरं मानत नाही. गुडघा दुखतो म्हटलं की गुडघ्याचा फोटो निघतो, पोटात दुखतं म्हटलं की सोनोग्राफी होते. पण मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळंच ठणकतंय, रात्रभर पडून उठलं तरी कुणी बडवून काढल्यासारखं अंग असतं, असं सांगणाऱ्या बाईला काय मिळतं? एक इंजेक्शन, चार रंगीत गोळ्या आणि "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला. घरी सासू म्हणते, आमच्या वेळी आम्ही जात्यावर दळत होतो. नवरा विचारतो, रिपोर्ट तर नॉर्मल आला ना? मग दुखतंय कशाला?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात हीच तक्रार किती बोलींत ऐकू येते. कुणी म्हणते अंग मोडून आलंय, कुणी म्हणते कसकस जात नाही, कुणी "बदन टूटता है" म्हणते, कुणी हाडं कुणी चावतंय असं सांगते. सांगणारी बाई कॅम्पातल्या एखाद्या खोलीत जीन्सचे धागे कापणारी असते, नगावर पापड लाटणारी असते, अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत आठ-दहा तास उभ्यानं पॅकिंग करणारी असते, नाहीतर पहाटेची लोकल पकडून ६८ किलोमीटरवरच्या सीएसएमटीला जाणारी आणि परत येताना कल्याणपर्यंत एका पायावर उभी राहणारी असते. अंगदुखी हा या सगळ्यांच्या बोलण्यातला इतका नेहमीचा शब्द झाला आहे की तो आता कुणाच्या कानावरच पडत नाही. बाई म्हटली की अंग दुखायचंच, असं बाईसुद्धा धरून चालते.

यातल्या सगळ्या नव्हेत, पण काही जणींच्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात स्वतःचं नाव आहे. ते नाव फायब्रोमायल्जिया. शब्द जड आहे आणि जिभेवर बसायला वेळ लागतो. तरी तो शिकून घ्यावा असं आम्हांला वाटतं, कारण नाव नसलेल्या दुखण्याला औषध मिळत नाही, रजा मिळत नाही आणि विश्वास तर मुळीच मिळत नाही.

हा आजार काय आहे? सांधे झिजत नाहीत, सुजत नाहीत. स्नायूंत जखम नसते. हाडात काही निघत नाही. बिघाड आहे तो दुखण्याचा निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जूत आणि मेंदूत. रेडिओचा आवाज कुणी पूर्ण वाढवून ठेवला की साधं बोलणंही किंचाळल्यासारखं येतं, तसं इथं होतं. हलका दाबसुद्धा दुखतो. लेकरानं प्रेमानं मिठी मारली तरी बाई कळवळते, बांगड्या टोचतात, ब्लाऊजचा पट्टा नकोसा होतो. एक्सरे, रक्ताच्या तपासण्या सगळं स्वच्छ येतं, कारण एक्सरेत मोडलेलं हाड दिसतं, वाढलेला आवाज दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा होत नाही, हे आधी आपल्या मनाशी पक्कं करायला हवं.

आता ओळखायचं कसं? पहिली गोष्ट काळाची. दोन दिवस लग्नघरी राबल्यावर दुखलं, तापानंतर आठवडाभर अंग ठणकलं, ते हे नव्हे. निदान तीन महिने, त्याच पातळीवर, रोजच्या रोज असं चालू असायला हवं. दुसरी गोष्ट पसरण्याची. शरीराचे पाच भाग कल्पा: डाव्या अंगाचा खांदा-हात, उजव्या अंगाचा खांदा-हात, डाव्या अंगाचं कुल्ला-पाय, उजव्या अंगाचं तेच, आणि मधला भाग म्हणजे मान-पाठ-कंबर. या पाचांपैकी निदान चार भागांत दुखायला हवं. नुसती कंबर किंवा नुसता उजवा खांदा धरला असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या बाईचा एकच खांदा जातो, त्याचं कारण मशीनपाशीच शोधावं.

आणि तिसरी गोष्ट अशी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं: दुखणं एकटं येत नाही. बाई झोपते पण झोप लागल्यासारखी वाटत नाही. सकाळी उठते ती रात्रीपेक्षा थकलेली. थकवा असा की भाकरी थापता थापता खाली बसावं लागतं. डोकं चालत नाही. गॅसवर दूध ठेवल्याचं विसरतं, ओळखीच्या बाईचं नाव ओठावर येत नाही, हिशेब चुकतो. पुष्कळ जणी दुखण्यापेक्षा या विसरण्यालाच जास्त घाबरतात. आपण वेड्या होतोय की काय असं त्यांना वाटतं. शिवाय डोकेदुखी, पोट फुगणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हातापायांना मुंग्या, पाळीच्या दिवसांत जास्त त्रास, थंडी, उजेड, मोठा आवाज सहन न होणं. या एकेका तक्रारीसाठी बाई एकेका डॉक्टरकडे जाते. पोटाचा डॉक्टर पोटापुरतं बघतो, डोक्याचा डोक्यापुरतं. सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत असतात, पण पिशवी कुणीच एकत्र उघडून बघत नाही.

तरीही इथं एक मोठा इशारा द्यायला हवा. नाव कळलं म्हणून आपणच एकमेकींच्या कपाळावर ते चिकटवायचं नाही. असंच सर्वांगाला धरणारं दुखणं दुसऱ्या कारणांनीही येतं, आणि त्यातली बरीच कारणं साध्या उपचारानं जातात. थायरॉइड मंदावला की अंग दुखतं आणि थकवा येतो. रक्त कमी असलं, ड जीवनसत्त्व कमी असलं, साखर वाढलेली असली तरी तेच. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने धरतात, २००६ च्या साथीत ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, ईएसआर किंवा सीआरपी एवढ्या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. फायब्रोमायल्जियाची अशी कुठलीही रक्ततपासणी नाही. कुणी महागडी तपासणी त्या नावानं सांगत असेल तर दहा वेळा विचार करा.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. बोटांचे सांधे सुजलेले असणं आणि सकाळी तासाहून जास्त वेळ हात आखडलेले राहणं ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची खूण असू शकते. त्याचे उपचार लवकर सुरू झाले तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. "बायकांना दुखतंच" म्हणून दोन वर्षं काढली तर ती परत सरळ होत नाहीत. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षय नाही ना हे पाहिलं पाहिजे. एखाद्या हातापायातली शक्ती जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, चेहऱ्यावर उन्हानं वाढणारे चट्टे येणं, या गोष्टींसाठी लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं. शिवाय आमवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच बाईला एकाच वेळी असू शकतात. एक आहे म्हणून दुसरा नाही, असं होत नाही.

या आजाराचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण बायकांच्या दुखण्याची मोजदाद कशी होते ते त्यातून दिसतं. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी याला फायब्रोसायटिस म्हटलं. त्यांना वाटलं स्नायूंभोवतीच्या तंतूंना सूज येत असावी. सूज कुणालाच सापडली नाही. मग १९७६ च्या सुमारास आजचं नाव रुळलं. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं निकष ठरवले: शरीरावर १८ जागा अंगठ्यानं दाबायच्या, ११ ठिकाणी दुखलं तर आजार आहे. त्या मापानं मोजलं की दहा रुग्णांत जवळजवळ नऊ बायका निघत. २०१० मध्ये दाबण्याची पद्धत मागे पडली. त्याऐवजी शरीराच्या १९ जागांपैकी कुठं कुठं दुखतं हे विचारायचं आणि झोप, थकवा, विसरणं यांना गुण द्यायचे असं ठरलं. २०१६ मध्ये त्यात पुन्हा सुधारणा झाली. या नव्या मापानं मोजल्यावर पुरुषांचं प्रमाण वाढलं. म्हणजे पुरुषांनाही हा आजार होतो, फक्त मापपट्टी बदलेपर्यंत ते दिसत नव्हते. बायकांत तो जास्त आढळतो हे खरं, पण "बायकी आजार" म्हणून त्याची जी हेटाळणी झाली तिला शास्त्राचा आधार नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी सूची २०२२ पासून लागू झाली, तिच्यात तर दीर्घकाळ टिकणारं, सर्वांगात पसरलेलं दुखणं हाच एक आजार म्हणून नोंदला आहे. त्यामागे दुसरं काही सापडलंच पाहिजे अशी अट उरलेली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही पुरावा आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के माणसांना असं दुखणं होतं आणि त्यातल्या मोठ्या भागाचं दुखणं ठरलेल्या कुठल्याही संधिवाताच्या नावात बसत नव्हतं. नावात न बसणारी ही माणसं आपल्या वस्त्यांतही आहेत. ती दवाखान्याच्या नोंदवहीत "अंगदुखी" एवढ्या एका शब्दात संपतात.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे मनाचं दुखणं आहे का? या प्रश्नाला घाबरून आपण "नाही, नाही, शरीराचंच" असं ओरडण्यात अर्थ नाही. आणि "हो, मनाचंच" म्हणून बाईला परत पाठवणं तर अन्यायच. मन आणि शरीर अशी दोन वेगळी गाठोडी बाईच्या अंगावर नसतात. १९७५ साली टोरांटोत डॉ. हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी एक प्रयोग केला. धडधाकट विद्यार्थ्यांची गाढ झोप रात्रीमागून रात्र मोडायची. पूर्ण जागं करायचं नाही, फक्त गाढ झोप लागू द्यायची नाही. थोड्याच दिवसांत त्या निरोगी तरुणांचं अंग दुखू लागलं, दाबलं की कळ येऊ लागली. हे वाचताना आम्हांला आठवल्या त्या पाणी येण्याच्या वेळेला, मग ती रात्री दोनची असो की पहाटे चारची, उठणाऱ्या आपल्याकडच्या बायका. तान्ह्या बाळामागे, आजारी सासऱ्यामागे, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या धास्तीनं कान उघडे ठेवून झोपणाऱ्या बायका. त्यांच्यावर हा प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तो कुणी नोंदवून ठेवत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात असं दिसलं. पुरुषांची मिनिटं होती ९७. झोप कुणाच्या वाट्याची कापली जाते हे कळायला आणखी पाहणीची गरज नाही.

दुसरा पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २४९४ बायकांची पाहणी केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असलेल्या बायका १२ टक्क्यांच्या वर निघाल्या. सगळ्यांना वाटेल, रक्त कमी असणार. पण हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो गरिबीशी, मानसिक त्रासाशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी. ही पाहणी थकव्याची होती, फायब्रोमायल्जियाची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण लोहाच्या गोळ्यांची पाकिटं वाटून बाईचा थकवा संपला असं मानणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. त्याचबरोबर अंग दुखणाऱ्या प्रत्येक बाईला घरात मार पडत असेल असं गृहीत धरणंही चूक आहे. सुखी घरातल्या बाईलाही हा आजार होतो. विचारायचं ते एकटीला, दार लावून, आणि ती सांगेल तेवढंच ऐकायचं. रुग्णालयातच हे विचारलं जावं म्हणून २००१ साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा केंद्र सुरू झालं. तशी सोय आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात असायला हवी.

चुकीच्या उपचारांबद्दल बोलावंच लागेल. दुखलं की सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यात मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे फारसं काही नसतं. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या या आजारात फारशा चालत नाहीत, आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडं मात्र नासतात. स्टेरॉइडची गोळी पहिल्या आठवड्यात जादू केल्यासारखी वाटते. फायब्रोमायल्जियावर तिचा उपयोग नाही, उलट हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या घेऊ नका. नाव लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि कंबर दुखते म्हणून गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. पिशवी गेली तरी कंबरदुखी तिथंच राहिली, असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत.

मग उपयोग कशाचा? हा आजार जीव घेत नाही, पण पुष्कळांत वर्षानुवर्षं राहतो. तो आटोक्यात ठेवता येतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सगळे पुरावे तपासून ठामपणे एकच शिफारस केली, ती व्यायामाची. ऐकून राग येईल. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगता? पण राबणं आणि व्यायाम एक नव्हे. राबण्यात एकच स्नायू हजार वेळा ताणला जातो आणि थांबायचं कधी ते दुसरा ठरवतो. इथं सांगितलं आहे ते पाच-दहा मिनिटं सावकाश चालणं, आठवड्याआड दोन मिनिटं वाढवणं, आणि दुखणं फार वाढलं तर मागे येणं. एक दिवस बरं वाटलं म्हणून चादरी, पडदे, माळा सगळं उरकायचं आणि मग तीन दिवस अंथरुणावर, हे चक्र तोडणं औषधाइतकंच महत्त्वाचं. औषधांत रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा ही जुनी, स्वस्त गोळी काही जणींना झोप आणि दुखणं दोन्हींसाठी उपयोगी पडते. ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिनही वापरतात. ती डॉक्टरनंच द्यायची, आपली आपण नव्हे. यातल्या दोन गोळ्या नैराश्यावरही देतात, म्हणून औषधवाल्यानं किंवा घरच्यांनी "वेडाच्या गोळ्या" म्हटलं तर घाबरून त्या टाकून देऊ नका. दुखण्याचा निरोप मंद करण्यासाठी त्या दिलेल्या असतात.

आता खरी अडचण. दहा मिनिटं स्वतःसाठी चालायला जाते, असं म्हणायची मुभा आपल्यातल्या किती जणींना आहे? भाजी आणायला जाते, पोराला आणायला जाते, हे चालतं. कारण नसताना चालणाऱ्या बाईकडे गल्ली वळून बघते. एकटीनं हे जमत नाही, पाच जणींनी मिळून जमतं. गोल मैदान असो, शिवमंदिराचा परिसर असो की उल्हास नदीकडचा रस्ता, गटानं ठरवून निघायचं.

चळवळीतल्या काही मैत्रिणी विचारतात, बाईच्या शोषणाला आजाराचं नाव देऊन आपण ते झाकतोय का? कामाचे तास, उभ्यानं काम, नगावरची मजुरी, हिंसा यांवर बोलायचं सोडून गोळीवर बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण नाव नाकारल्यानं शोषण उघडं पडत नाही. बाई फक्त एकटी पडते. दुखणं खरं आहे हे मान्य झालं की मगच पॅकिंगच्या टेबलाशी स्टूल का नाही, हे विचारता येतं. आजची स्थिती अशी की २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही. महात्मा फुले योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. इथं भरती नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. घरी बसून धागे कापणाऱ्या बाईकडे तर ईएसआयचं कार्डही नसतं. म्हणून आपली मागणी साधी आहे: सरकारी आणि नगरपालिकेच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस दीर्घकाळच्या दुखण्याची ओपीडी, जिथं एका बाईला निदान पंधरा मिनिटं मिळतील, वर सांगितलेल्या तपासण्या तिथंच फुकट, आणि गरज पडल्यास शीव किंवा परळच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी.

तोवर गटांनी एक काम करावं. पुढच्या बैठकीत मोठ्या कागदावर बाईच्या शरीराची पुढची आणि मागची अशी दोन चित्रं काढा. प्रत्येकीला स्वतःची छोटी प्रत द्या आणि गेल्या आठवड्यात जिथं जिथं दुखलं तिथं पेन्सिलीनं रंगवायला सांगा. अक्षरओळख नसली तरी हे जमतं. ज्यांचं चित्र गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत रंगलं असेल, त्यांच्याबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जावी. चित्र आणि चिठ्ठ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर एकदमच ठेवावी. दोघी गेल्या की बोलणं जरा जास्त ऐकलं जातं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. चित्रांच्या प्रती आमच्याकडे पाठवा, म्हणजे ओपीडीची मागणी करताना त्या पुढे ठेवता येतील. नाव लिहू नका. वय, काम, दुखणं कधीपासून आणि सलग झोप किती तास मिळते, एवढं पुरे.